ड्राफ्टची जुनी बॅच कशी निघाली, हे कसं तपासावं

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट होतो: संघ पाळीपाळीने कॉलेजातली नवी पोरं निवडतात. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. रविवार उजाडेपर्यंत प्रत्येक संघाचं प्रगतिपुस्तक तयार झालेलं असतं. याला ए, त्याला सी, तिसरा नापास. निवडलेल्या पोरांपैकी एकानेही अजून एनएफएलचा एक सामना खेळलेला नसतो. आंबा आढीत घातला की दुसऱ्या दिवशी त्याची चव सांगता येत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. 2012च्या ड्राफ्टनंतर सिॲटल सीहॉक्सच्या वाट्याला अशा प्रगतिपुस्तकांत तळाचे मार्क आले होते. पुढे दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर त्याच बॅचचा क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा) आणि त्याच बॅचचा मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) घेऊन सीहॉक्सनी फेब्रुवारी 2014 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसला 43-8 असं हरवलं आणि सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला.

मी सिॲटलच्या पूर्वेला, रेडमंडमध्ये राहतो. रेडमंड, बेलव्ह्यू या पट्ट्यात मराठी घरं भरपूर. माणसं क्रिकेटवर वाढलेली, सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेली. मग ऑफिसातल्या गप्पांमुळे किंवा मुलांच्या शाळेमुळे हळूहळू सीहॉक्सची होतात. इथे फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल. नियम समजले, खेळाडूंची नावं पाठ झाली की प्रत्येक नव्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न येतोच: आपली टीम पोरं निवडण्यात चांगली आहे की नाही? त्याचं उत्तर स्वतः काढता यावं म्हणून हे लिहितो आहे. उदाहरणं बहुतेक सीहॉक्सची आहेत, कारण 2010 ते 2013 या त्यांच्या चार बॅचेसमध्ये शिकण्यासारखं जवळजवळ सगळं सापडतं. रीत मात्र कुठल्याही संघाला लागू पडते.

आधी एवढं समजून घ्या

आयपीएलचा लिलाव आपल्याला माहीत आहे. तिथे पैसे मोजून खेळाडू घेतात. ड्राफ्टमध्ये पैसे मोजायचे नसतात, तिथे पाळी खर्च करायची असते. 32 संघ, सात फेऱ्या. मागच्या हंगामात जो सगळ्यात खाली राहिला त्याची पाळी पहिली, सुपर बोल जिंकणाऱ्याची शेवटची. ही पाळी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसऱ्या पाळ्या किंवा खेळाडू घेता येतात, पुढच्या वर्षांची पाळीसुद्धा. शिवाय ज्यांचे चांगले खेळाडू करार संपल्यावर दुसरीकडे गेले, त्यांना भरपाई म्हणून तिसऱ्या फेरीपासून पुढे जादा पाळ्या मिळतात. असं करत दरवर्षी अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात.

2011 पासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर गेला यावरून जवळजवळ ठरूनच जातो आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघाला वाटलं तर पाचवं वर्षही ठेवता येतं. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा असते, आणि ड्राफ्टचं सगळं महत्त्व इथून सुरू होतं. रसेल विल्सन 2012 साली तिसऱ्या फेरीत, 75व्या क्रमांकावर आला. त्याचा चार वर्षांचा मिळून करार साधारण 30 लाख डॉलरचा होता. नावाजलेला क्वार्टरबॅक एका वर्षात याच्या कितीतरी पट घेतो. उरलेला पैसा सीहॉक्सना बचावफळीवर लावता आला. म्हणजे चांगल्या निवडीचा फायदा त्या एका खेळाडूपुरता थांबत नाही, तो शेजारच्या खेळाडूंच्या पगारातही दिसतो.

पहिली पायरी: चार हंगाम थांबा

पहिला करार संपला की संघालाच खरा निर्णय घ्यावा लागतो. या पोराला आता बाजारभावाने पैसे देऊन ठेवायचं की जाऊ द्यायचं? संघाने त्याचा रोजचा सराव पाहिलेला असतो, दुखापती पाहिलेल्या असतात. त्यामुळे हा निर्णय बाहेरच्या कुठल्याही मार्कांपेक्षा मोलाचा. तीन हंगामांनंतर करार वाढवायची मुभा असते, म्हणून ताऱ्यांचा निकाल थोडा आधी लागतो. बाकीच्यांसाठी चौथा हंगाम संपू द्या. त्याआधी जे सांगाल त्याला अंदाज म्हणा. अंदाज करायला काहीच हरकत नाही, फक्त निकाल म्हणून तो वहीत उतरवू नका.

दुसरी पायरी: सगळी नावं लिहा, फसलेलीसुद्धा

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. आठवणीत तारे राहतात, बाकीचे पुसले जातात. ‘2011ची बॅच? शर्मनची ना!’ एवढ्यावर गाडी थांबते. म्हणून वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि एका वर्षाची पूर्ण यादी उतरवा. प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक संघाची प्रत्येक वर्षाची यादी फुकट मिळते. सीहॉक्सची 2011ची यादी अशी:

फेरी 1, क्र. 25: जेम्स कार्पेंटर, ऑफेन्सिव्ह लाइन (चढाईची पुढची फळी)
फेरी 3, क्र. 75: जॉन मॉफिट, गार्ड (त्याच फळीतला)
फेरी 4, क्र. 99: के. जे. राइट, लाइनबॅकर
फेरी 4, क्र. 107: क्रिस डरॅम, वाइड रिसीव्हर (पास झेलणारा)
फेरी 5, क्र. 154: रिचर्ड शर्मन, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा)
फेरी 5, क्र. 156: मार्क लग्री, सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा)
फेरी 6, क्र. 173: बायरन मॅक्सवेल, कॉर्नरबॅक
फेरी 7, क्र. 205: लॅझेरियस लेव्हिंग्स्टन, डिफेन्सिव्ह लाइन
फेरी 7, क्र. 242: माल्कम स्मिथ, लाइनबॅकर

नऊ नावं. दुसऱ्या फेरीत एकही नाही, कारण ती पाळी देऊन त्यांनी खालच्या पाळ्या घेतल्या होत्या. डरॅम, लग्री आणि लेव्हिंग्स्टन सिॲटलमध्ये टिकले नाहीत. तरी त्यांची ओळ कोरी सोडू नका. ‘टिकला नाही’ हीसुद्धा नोंदच आहे.

तिसरी पायरी: कितीला पडला, ते बघा

19 जानेवारी 2014. सीहॉक्स आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, जिंकेल तो सुपर बोलला जाणार. आम्ही बेलव्ह्यूला एका मित्राच्या घरी जमलो होतो. सीहॉक्स 23-17 ने पुढे, जेमतेम अर्धा मिनिट बाकी, आणि फोर्टीनाइनर्स आमच्या गोलरेषेच्या जवळ येऊन ठेपलेले. त्यांचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निकने उजव्या कोपऱ्यात मायकेल क्रॅबट्रीकडे उंच बॉल टाकला. शर्मन मागे वळून पळत होता, त्याने उडी मारून डाव्या हाताच्या बोटांनी बॉल वर टोलवला. बॉल हवेत राहिला आणि मागून आलेल्या माल्कम स्मिथने तो झेलला. सामना तिथेच संपला. घरात आरडाओरडा.

मित्राच्या आई तेव्हा साताऱ्याहून मुलाकडे आल्या होत्या. खेळातलं काही कळत नसताना त्या आमच्याबरोबर बसून होत्या. पडद्यावर शर्मनचा चेहरा आला तसं त्यांनी मला विचारलं, “हा कितीला पडला रे?” आयपीएलच्या लिलावाच्या बातम्या त्या पाहायच्या, त्यामुळे खेळाडू म्हटला की त्याला भाव असणारच हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मी सांगितलं, “काकू, हा पाचव्या फेरीतला. याच्या आधी 153 पोरं गेली. आणि ज्याने झेलला त्याच्या आधी 241.” त्या म्हणाल्या, “म्हणजे स्वस्तात मिळाले की!”

ड्राफ्टची बॅच तपासायची म्हणजे हाच प्रश्न प्रत्येक नावापुढे विचारायचा. खेळाडू किती चांगला निघाला हा अर्धा प्रश्न झाला. त्या क्रमांकावर सहसा जे मिळतं, त्याच्या तुलनेत तो किती चांगला निघाला, हा पूर्ण प्रश्न.

सहसा काय मिळतं याचा माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो. पहिल्या दहांत निवडलेला खेळाडू पहिल्या दिवसापासून खेळला पाहिजे आणि निदान पाच वर्षं आपल्या जागेवर लीगमधल्या चांगल्यांत गणला गेला पाहिजे. पहिल्या फेरीतल्या इतरांकडून पक्की जागा मिळवणं अपेक्षित. दुसऱ्या फेरीतला दुसऱ्या हंगामापर्यंत नियमित खेळायला हवा. तिसऱ्या फेरीत निम्म्या पोरांनी तेवढं केलं तरी मी समाधानी असतो. चौथ्या-पाचव्या फेरीत कामाचा राखीव खेळाडू मिळाला, किक-पंटच्या तुकडीत उपयोगी पडला, तर पैसे वसूल. सहाव्या-सातव्या फेरीतला पोरगा संघात टिकला हाच फायदा.

आकड्यांत हवं असेल तर त्याचीही सोय आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज पाळ्यांच्या अदलाबदलीसाठी एक तक्ता वापरायचे. तेव्हाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो आजही ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला 3000 गुण आहेत, 16व्याला 1000 आणि 100व्याला 100. उतार किती तीव्र आहे ते बघा. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की हा तक्ता वरच्या क्रमांकांना वाजवीपेक्षा जास्त भाव देतो. तरीही नवख्या माणसाला ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ यातलं अंतर डोळ्यांना दिसावं म्हणून तो उपयोगी आहे.

आता 2011ची यादी पुन्हा वाचा. कार्पेंटर चार हंगाम खेळला, विजेत्या संघात होता, मग 2015 मध्ये न्यू यॉर्क जेट्सकडे गेला. 25व्या क्रमांकाच्या मानाने थोडा कमी. मॉफिट 2013च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरला दिला गेला आणि त्याच हंगामात त्याने खेळच सोडला: तोटा. राइट चौथ्या फेरीतला, दहा हंगाम सिॲटलकडून खेळला, 2016 मध्ये प्रो बोलला (लीगच्या निवडक ताऱ्यांत) गेला: मोठा फायदा. शर्मन 2012, 2013 आणि 2014 असा सलग तीन वर्षं पहिल्या ऑल-प्रो संघात, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या सर्वोत्तमांत. पाचव्या फेरीत याहून जास्त काही मागता येत नाही. मॅक्सवेल आधी राखीव, मग विजेत्या संघाचा सुरुवातीचा कॉर्नरबॅक. आणि सातव्या फेरीतला स्मिथ त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याने डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा पास पकडून 69 यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे गोलरेषा ओलांडून गुण मिळवले. म्हणजे वरच्या दोन पाळ्यांतून अपेक्षेपेक्षा कमी मिळालं आणि तरीही ही बॅच सीहॉक्सच्या इतिहासातल्या उत्तम बॅचेसपैकी एक आहे. फक्त पहिल्या फेरीकडे बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

चौथी पायरी: काय मोजायचं

मी प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवतो: आपल्या संघासाठी सुरुवातीपासून खेळलेले सामने, मानसन्मान, दुसरा करार मिळाला का, आणि गेला तर कसा गेला.

सामने मोजणं सोपं. 2012 पासूनच्या हंगामांसाठी खेळाडू किती स्नॅपना (बॉल खेळात येतो त्या चालींना) मैदानावर होता तेही मिळतं, आणि ते जास्त खरं बोलतं. मानसन्मानांत प्रो बोल आणि ऑल-प्रो यांची गल्लत करू नका. प्रो बोलमध्ये चाहत्यांची मतं असतात, कोणी माघार घेतली की पर्यायी खेळाडू आत येतात, त्यामुळे यादी लांबते. असोसिएटेड प्रेसचा पहिला ऑल-प्रो संघ म्हणजे त्या जागेवरचा त्या वर्षाचा अव्वल. तिथवर पोचणारे मोजके. 2012च्या बॅचमध्ये 47व्या क्रमांकावर आलेला बॉबी वॅग्नर सीहॉक्सकडून सहा वेळा तिथे पोचला. दुसऱ्या फेरीच्या भावात हे सोनं आहे.

एकाच आकड्यात सगळं हवं असेल तर प्रो फुटबॉल रेफरन्सवर ‘ॲप्रॉक्झिमेट व्हॅल्यू’ नावाचा आकडा आहे, खेळाडूच्या प्रत्येक हंगामाला दिलेला. बॅचेसची ढोबळ तुलना करायला तो चांगला. पण तो संघाच्या कामगिरीतून खाली वाटला जातो, त्यामुळे चांगल्या संघातल्या साधारण लाइनमनला जरा जास्त मिळतं आणि वाईट संघातल्या चांगल्याला कमी. ज्या खेळाडूंच्या नावे पास, धावा, टॅकल असं काही लागत नाही त्यांच्याबाबतीत मी या आकड्यापेक्षा दुसऱ्या कराराच्या रकान्याला मान देतो. ऑफेन्सिव्ह लाइन ही त्यातली मोठी. जे. आर. स्वीझी 2012 मध्ये सातव्या फेरीत 225व्या क्रमांकावर आला. कॉलेजात तो बचावात खेळायचा, सीहॉक्सनी त्याला गार्ड बनवलं आणि सुपर बोलच्या संघात उभा केला. टीव्हीवर त्याचं नाव क्वचित ऐकू यायचं. अशा ओळी तुमच्या वहीतून निसटू देऊ नका.

जखमेचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. कॅम चॅन्सेलर 2010 मध्ये पाचव्या फेरीत 133वा आला, चार वेळा प्रो बोलला गेला आणि 2017 मधल्या मानेच्या दुखापतीने त्याची कारकीर्द थांबली. त्याच्या निवडीला यासाठी एक मार्कही कमी करू नये असं माझं मत आहे. कॉलेजातच गुडघा गेलेला होता आणि तरी घेतला, तर गोष्ट वेगळी. ती जोखीम संघाने डोळे उघडे ठेवून घेतलेली असते.

पाचवी पायरी: संघाचा फायदा आणि खेळाडूची कारकीर्द वेगळी ठेवा

गोल्डन टेट 2010 मध्ये 60वा. सिॲटलकडून चार हंगाम, एक सुपर बोल, मग 2014 मध्ये डेट्रॉइटला गेला आणि त्याच वर्षी 99 झेल घेऊन प्रो बोलला पोचला. त्याची ती वर्षं सीहॉक्सच्या खात्यात धरायची का? नाही. पण निवड करणाऱ्या माणसाची नजर तपासायची असेल तर हो, धरायची. नजर बरोबर होती, ठेवून घेणं जमलं नाही. न्यू ऑर्लिन्स सेंट्सची 2017ची बॅच याचं आणखी ठळक उदाहरण. मार्शन लॅटिमोर आणि ॲल्विन कमारा यांनी त्या वर्षीचे नवोदितांचे दोन्ही पुरस्कार घेतले, आणि तिसऱ्या फेरीतला ट्रे हेंड्रिक्सन पुढे सिनसिनाटीला जाऊन 2024 मध्ये 17.5 सॅकसह (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं म्हणजे सॅक) लीगमध्ये पहिला आला. म्हणून मी दोन बेरजा करतो, एक ‘आपल्यासाठी’ आणि एक ‘एकूण’. दोन्हींत फार अंतर पडलं तर समजावं की संघ निवडतो छान, पण सांभाळत नाही किंवा त्याला पगार परवडत नाही.

करार संपून गेलेल्या खेळाडूमागे भरपाईची पाळी मिळाली असेल तर तीही ओळीच्या शेवटी लिहा. संघाने स्वतःहून काढून टाकलेल्या खेळाडूमागे काही मिळत नाही. शर्मनला 2018 मध्ये सीहॉक्सनी सोडलं, तेव्हा हातात काही आलं नाही.

सहावी पायरी: पाळ्या कुठून आल्या, कुठे गेल्या

हे थोडं किचकट आहे, पण मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते. 2012 मध्ये सीहॉक्सची पाळी 12वी होती. ती त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्सना दिली आणि बदल्यात 15वी, 114वी आणि 172वी घेतली. ईगल्सनी 12व्यावर फ्लेचर कॉक्स घेतला. सीहॉक्सनी त्या तीन पाळ्यांवर ब्रूस अर्विन, जे हॉवर्ड आणि जेरेमी लेन घेतले. अर्विन पहिल्याच वर्षी आठ सॅक करून गेला, लेन कामाचा कॉर्नरबॅक निघाला. पण कॉक्स सहा वेळा प्रो बोलला गेला आणि ईगल्सच्या बचावाचा कणा बनला. हा सौदा एकटा धरला तर सीहॉक्स हरले, असंच लिहावं लागतं. बॅच एकंदरीत अप्रतिम निघाली म्हणून त्यातला एक चुकीचा व्यवहार झाकला जाऊ नये.

उलट बाजूला 2010 मधला अर्ल थॉमस. तो 14वा आला, पण ती पाळी मुळात डेन्व्हरची. 2009च्या ड्राफ्टमध्ये आधीच्या व्यवस्थापनाने ती मिळवून ठेवली होती. प्रशिक्षक पीट कॅरल आणि जनरल मॅनेजर जॉन श्नायडर जानेवारी 2010 मध्ये आले तेव्हा ती त्यांना आयती मिळाली. थॉमसला ओळखलं हे श्रेय त्यांचं. संधी उभी केली ते श्रेय आधीच्यांचं.

आणि 2013च्या यादीत पहिल्या फेरीचा रकाना रिकामा दिसेल, तो रिकामा ठेवू नका. ती 25वी पाळी मिनेसोटाला देऊन वाइड रिसीव्हर पर्सी हार्विन आणला होता, सोबत सातव्या फेरीची एक आणि पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीची. मिनेसोटाने 25व्यावर झेव्हियर ऱ्होड्स घेतला, जो पुढे ऑल-प्रो झाला. हार्विन 2013च्या नियमित हंगामात जेमतेम एक सामना खेळला. सुपर बोलच्या उत्तरार्धाची पहिलीच किक घेऊन तो 87 यार्ड धावला आणि टचडाउन केला, पण 2014च्या ऑक्टोबरमध्ये त्याला जेट्सकडे पाठवून दिलं. त्या एका धावेचा आनंद मी अजून विसरलेलो नाही, तरी हिशेब तोट्याचाच.

सातवी पायरी: त्या वर्षी संघात जागा होती का?

2009 मध्ये सीहॉक्स 5-11 असे (पाच विजय, अकरा पराभव) संपले होते. त्यामुळे 2010च्या पोरांना रिकामं घर मिळालं. ऑफेन्सिव्ह लाइनचा रसेल ओकंग आणि थॉमस आल्या आल्या खेळले. 2013च्या अकरा पोरांना मात्र लीगमधल्या सगळ्यात भरलेल्या संघात जागा शोधायची होती. 62व्या क्रमांकावरचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) क्रिस्टीन मायकेल त्याच जागेवरच्या मार्शॉन लिंचच्या मागे बसून राहिला. सहाव्या फेरीतल्या स्पेन्सर वेअरला सोडून दिलं, तोच 2016 मध्ये कॅन्सस सिटीकडून 921 यार्ड धावला. सिॲटलमध्ये खरा टिकला तो टाइट एंड ल्यूक विल्सन. 2013ची बॅच कमकुवतच होती असं मलाही वाटतं, पण 2010 इतक्याच कडक नजरेने तिला मोजणं न्यायाचं नाही. रिकाम्या संघात खेळलेल्या सामन्यांचा आकडा फुगतो, भरलेल्या संघात तो आटतो. ओळीच्या शेवटी एक शब्द लिहा: रिकामी किंवा भरलेली.

ज्यांना कोणीच निवडलं नाही त्यांचं पान वेगळं ठेवा. डग बॉल्डविन 2011 मध्ये ड्राफ्टशिवाय आला आणि 2015 मध्ये त्याचे 14 टचडाउन झेल होते. निवडीच्या खोलीतलीच माणसं अशा पोरांनाही शोधतात, पण त्यांच्यावर पाळी खर्च झालेली नसते, म्हणून बॅचच्या बेरजेत त्यांना मिसळू नये.

आठवी पायरी: नशीब किती, नजर किती

महान क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: 2000 सालचा ड्राफ्ट, सहावी फेरी, 199वा क्रमांक. न्यू इंग्लंड पेट्रियट्सची ती बॅच दहा जणांची होती आणि ब्रेडी सोडला तर फारसं कोणी चमकलं नाही. त्याच सहाव्या फेरीत पेट्रियट्सनी 187व्यावर आधी एक डिफेन्सिव्ह बॅक घेतला होता. ब्रेडी काय आहे हे त्यांना खरंच ठाऊक असतं तर ते 199पर्यंत थांबले असते का? शर्मनचंही तसंच. सीहॉक्सनी त्याच्या 47 क्रमांक आधी डरॅमला घेतलं. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवलं की एखादा खेळाडू त्याच जागेवरच्या, त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के असते. नाणं उडवण्यापेक्षा थोडंसंच बरं.

फोर्टीनाइनर्सनी 2021 मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी तिसरी पाळी मिळवायला पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक मोजली. चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळून तो 2023 मध्ये डॅलसला गेला. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, त्याच लोकांनी त्याच खोलीत बसून ड्राफ्टचा अगदी शेवटचा, 262वा खेळाडू घेतला: क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी. तोच त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. या दोन ओळी शेजारी लिहून बघा. निवडणारे लोक दोन्हीकडे तेच आहेत, त्यामुळे एकट्या ओळीवरून त्यांना शहाणं किंवा अडाणी ठरवता येत नाही.

मग नजर ओळखायची कशी? एकाच जातीचं यश पुन्हा पुन्हा येतं का ते बघा. चॅन्सेलर पाचव्या फेरीतला, शर्मन पाचव्या, मॅक्सवेल सहाव्या. तिघेही मागच्या फळीचे, तिघेही उंच किंवा लांब हातांचे, आणि कॅरल यांना आपल्या बचावासाठी नेमका असाच खेळाडू हवा होता. बाकी संघ ज्या उंच पोरांना कॉर्नरला हळू समजत होते, त्यांचा उपयोग या संघाला माहीत होता. एकदा झालं तर नशीब म्हणता येतं, तीनदा झालं की त्यामागे रीत आहे असं मी धरतो. आणि या काळात सीहॉक्सनी पाळ्याही भरपूर वापरल्या: 2010 मध्ये नऊ, 2011 मध्ये नऊ, 2012 मध्ये दहा, 2013 मध्ये अकरा. प्रत्येक निवड जर जवळजवळ नाणेफेक असेल, तर जास्त वेळा नाणं उडवणारा शहाणा.

आता तुमची पाळी. सीहॉक्सचीच 2022ची बॅच घ्या, तिचे चार वर्षांचे करार 2025च्या हंगामापर्यंतचे होते. चार्ल्स क्रॉस 9वा, बॉये माफे 40वा, केनेथ वॉकर 41वा, एब्रहम लुकस 72वा, कोबी ब्रायंट 109वा, तारिक वूलन 153वा. वूलन कॉर्नरबॅक, उंच, पाचव्या फेरीतला, शर्मनपेक्षा एकच क्रमांक आधी, आणि पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शनसह (समोरच्याचे पकडलेले पास) लीगमध्ये संयुक्त पहिला. त्याची ओळ भरताना पहिल्या वर्षावर थांबू नका, चारही वर्षं लिहा.

यातल्या क्रॉस आणि माफे यांच्या पाळ्या कुठून आल्या तेही शोधा. त्या डेन्व्हरच्या होत्या. मार्च 2022 मध्ये रसेल विल्सनला तिकडे पाठवलं, त्या बदल्यात आलेल्या. पुढच्या वर्षी त्याच सौद्यातून 5व्या क्रमांकावर डेव्हॉन विदरस्पून आणि 37व्यावर डेरिक हॉल आले. म्हणजे 2012च्या पानावर 75व्या क्रमांकापुढे विल्सनची जी ओळ आहे, तिच्या शेवटच्या रकान्यात ही चार नावं लिहावी लागतात. माझ्या वहीत ती ओळ अजून चालू आहे, आणि तिच्यासाठी मी पानाला खाली एक कागद चिकटवला आहे.